आमचं पाचवं चाक

गेल्या वर्षी मंडळाच्या गुढीपाडव्याला श्रीखंडाच्या रांगेत उभा असताना मी कुणाला तरी बोलून बसलो की आम्ही फिफ्थ व्हील बघतोय. तेव्हापासून मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावातली निम्मी मराठी मंडळी भेटली की विचारतात, "काय, जोडलं का घर गाडीला?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देता देता मलाच कळेनासं झालं की मी नक्की काय ठरवलंय. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

फिफ्थ व्हील म्हणजे काय हे बायकोला तीनदा सांगावं लागलं, तेव्हा इथेही सांगतो. साधा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीने ओढत न्यायचं चाकावरचं घर, गाडीच्या मागे, बंपरखालच्या लोखंडी गोळ्याला अडकवतात. फिफ्थ व्हीलचं नाक उंच असतं. ते थेट पिकअपच्या हौद्यावर येतं आणि त्याच्या खालची मनगटाएवढी पिन हौद्यात बसवलेल्या जबड्यात अडकते. कळंबोलीला कंटेनरचे ट्रेलर बघितले असतील तर तीच जोडणी, आकाराने लहान. नाव घोडागाडीवरून आलंय. चारचाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक लोखंडी कडं आडवं बसवलेलं असायचं. चार चाकं जमिनीवर आणि हे पाचवं आडवं. ओझं ट्रकच्या मागच्या आसावरच येत असल्यामुळे हायवेवर शेपूट फारसं हलत नाही, आणि नाकाच्या उंच भागात एक अख्खी बेडरूम मिळते. माणूस भुलतो तो त्या बेडरूमला.

मी मात्र भुललो संडासाला. हसू नका.

आई दर वर्षी उन्हाळ्यात कराडहून येते, पाच-सहा महिने राहते. दोन वर्षांपूर्वी तिला आम्ही तंबूत नेलं होतं. रात्री दोन वाजता, पाऊस चालू असताना, गुडघा दुखत असताना, हातात टॉर्च घेऊन शंभर-सव्वाशे पावलांवरच्या कॅम्पग्राऊंडच्या बाथरूमपर्यंत मी तिला नेलं. परत आल्यावर ती म्हणाली, "एवढं तर आपल्या रानातबी चालाया लागत न्हवतं रं." त्यानंतर आम्ही फिरायला गेलो की ती घरीच थांबते. "तुमी जावा, मी बघतीया घर." मिशिगनच्या बंद घरात एकटी बसून ती मराठी मालिका बघते आणि आम्ही तळ्याकाठी मार्शमेलो भाजतो. हे मला टोचत होतं. त्यामुळे झोपायच्या जागेपासून चार पावलांवर संडास असलेली कुठलीही चाकावरची वस्तू मला चालणार होती.

पहिला डीलर घरापासून तासभरावर. एंट्री लेव्हलचा २८ फुटी, मागे मुलांसाठी बंक, मध्ये बाहेर सरकणारा सोफा, पुढे आमची बेडरूम. किंमत ३५ हजार डॉलर. विक्रेता किंमत बोलतच नव्हता, तो फक्त हप्ता बोलत होता. १५ वर्षांचं कर्ज, साडेआठ टक्के, महिन्याला साधारण ३४५ डॉलर. "रोजच्या कॉफीचे पैसे," म्हणाला. मी फोनवर १८० ने गुणलं, ६२ हजारांच्या वर गेलं. आम्ही चहा पितो, तेही घरी.

पण खरी अडचण निघाली ती माझ्याच ट्रकमध्ये. माझ्याकडे फोर्डची एफ-१५० पिकअप आहे, चार दारांची, साडेपाच फुटी हौद्याची. विक्रेत्याने विचारलं, ओढते किती? मी सांगितलं, ११ हजार पौंड. तो म्हणाला, मग प्रश्नच नाही, हा कॅम्पर ७,२४० चा आहे, हे बघा इथे लिहिलंय, हाफ-टन ट्रकला, म्हणजे तुमच्यासारख्याला, चालतो. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत २० वर्षं काम करतोय, त्यामुळे "लिहिलंय" या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. घरी येऊन ट्रकचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पांढरं-पिवळं स्टिकर असतं, टायरच्या हवेची माहिती असलेलं. त्यावर वरच्या बाजूला एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून वजन यापेक्षा जास्त कधीही नको. माझ्या ट्रकचा आकडा १,६१२ पौंड. सहा वर्षं त्या दारातून चढतोय-उतरतोय, आकडा त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी वही घेऊन बसलो. समोर आई मेथी निवडत होती.

कोरडं वजन ७,२४०. पण कोरडा कॅम्पर घेऊन कोण जातं? पाण्याची टाकी ४५ गॅलनची, गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे नुसतं पाणीच ३७५ पौंड. दोन प्रोपेन सिलिंडर, बॅटरी, भांडी, कुकर, अंथरुणं, खुर्च्या, सायकली. हात आखडून भरलं तरी ८,६०० च्या आसपास. फिफ्थ व्हीलमध्ये एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के भार त्या पिनेवर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. मधला २० धरला तर १,७२०. हौद्यातल्या जबड्याचं स्वतःचं वजन दीडशे. आम्ही पाच जण मिळून ६६०, बायकोने सांगितलेला तिचा आकडा खरा धरून. बेरीज २,५३०.

२,५३० विरुद्ध १,६१२.

मी तीनदा बेरीज केली. आई विचारती झाली, काय लिहितोयस एवढं? मी मीठ-मिरपुडीच्या बाटल्या घेऊन तिला समजवायला लागलो, हा ट्रक, हा ट्रेलर, ही पिन, इथे वजन... तिने मला मध्येच थांबवलं.

"मंजी धुरंवर वजन किती येतंय त्येच बघायचं न्हवं?"

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेकाठी, उसाच्या पट्ट्यातलं. ट्रॅक्टर यायच्या आधी आमच्याकडे बैलगाडी होती. आईने सांगितलं की ऊस भरून झाला की अण्णा बैल जुंपायच्या आधी पुढे जाऊन जू हाताने उचलून बघायचे. सहज वर आलं तर मागं जड, गाडी उलार, चढाला बैलांचा गळा आवळणार. अजिबात हललं नाही तर सगळा भार बैलांच्या मानेवर. मग दोन मोळ्या पुढच्या मागं नाहीतर मागच्या पुढं. "वडायला बैल किती का ताकदीचं असंना, मान मोडली की संपलं." मेथीच्या काड्या गोळा करून ती उठली. ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं, हे शोधायला मला आठवडाभर इंटरनेटवर कुस्ती खेळावी लागली होती.

पण मी इतक्यात ऐकणाऱ्यातला नव्हे. मनात आलं, ट्रकच बदलू. तीन-चतुर्थांश टनाचा, म्हणजे एक पायरी वरच्या, एफ-२५० च्या वर्गातला. जुना पण बरा म्हणावा असा चाळीस हजारांच्या आत मला सापडेना. म्हणजे ३५ हजारांच्या "स्वस्त" कॅम्परसाठी आधी चाळीसचा ट्रक. शिवाय तो ट्रक मी रोज ऑफिसला नेणार, पार्किंगच्या इमारतीत छताला टेकवत. बायको म्हणाली, "म्हशीसाठी गोठा ऐकलाय, दोरीसाठी म्हैस पहिल्यांदा बघतेय."

मग सेकंडहँड. एका शनिवारी आम्ही दोघं एल्कहार्टला गेलो, इंडियानात, आमच्याकडून पावणेतीन तासांवर. अमेरिकेतले बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी चाकावरची घरं, याच परिसरात बनतात, आणि गंमत म्हणजे त्या कारखान्यांत आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक मोठ्या संख्येने काम करतात. स्वतः मोटार चालवत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात. शिपशेवाना गावात आम्ही दहा मिनिटं एका बग्गीच्या मागे हळूहळू गेलो. पुढे काळी बग्गी आणि शेजारच्या रेषेत कारखान्यातून निघालेले पांढरे शुभ्र कॅम्पर. बायकोने फोटो काढायला फोन वर केला आणि परत खाली ठेवला, त्यांना फोटो आवडत नाहीत म्हणून. एल्कहार्टमध्ये आरव्हीचं एक म्युझियमही आहे. तिथे १९१३ चा एक ट्रेलर ठेवलाय, आत टेबल, बाकडी, लाकडी भिंती. शंभराहून जास्त वर्षं झाली, आतली मांडणी फारशी बदललेली नाही.

जवळच्याच एका डीलरच्या आवारात २०१८ चा फिफ्थ व्हील होता. किंमत १८ हजार, बाहेरून चकाचक. मी टायरपासून सुरुवात केली. टायरच्या कडेला डीओटी (DOT) या अक्षरांपुढच्या आकड्यांतले शेवटचे चार म्हणजे जन्मतारीख: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्याच्या टायरवर १४१८ होतं. म्हणजे २०१८ च्या चौदाव्या आठवड्यातले, मूळचेच. नक्षी नवीकोरी, पण ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होऊन फुटतात. पाच-सहा वर्षांत ते बदलायचेच असतात. ते सोडून देऊ, टायर मिळतात. शिडीने छतावर चढलो. रबराच्या छतावर जिथे जिथे झरोका किंवा पाइप बाहेर येतो तिथे पांढऱ्या लुकणाची भर असते, ती वर्षातून एक-दोनदा बघून दुरुस्त करावी लागते. इथे ती उन्हाने तडकून सुकलेल्या चिखलासारखी झाली होती. खाली उतरून आत गेलो आणि बेडरूमच्या कोपऱ्यात, त्या तडकलेल्या जागेच्या बरोबर खाली, भिंतीवर अंगठा दाबला. भिंत आत गेली. चहात बुडवून अर्धा मिनिट ठेवलेलं पार्ले-जी हाताला लागावं तशी. वरचा वॉलपेपर तसाच गुळगुळीत, आतलं लाकूड संपलेलं. विक्रेता म्हणाला, तो दमटपणा आहे. आत सुगंधी फवारा मारलेला होता आणि त्याच्या खालून पावसाळ्यात बंद ठेवलेल्या पेटीचा वास येत होता. आम्ही आभार मानले आणि वाटेत थांबून सँडविच खाल्लं. दोघंही गप्प.

यात आमच्या सोसायटीचा नियम राहिलाच. ड्राइव्हवेत कॅम्पर ४८ तासांपेक्षा जास्त उभा करायचा नाही. म्हणजे बाहेर जागा भाड्याने घ्या, महिना ७५ डॉलर. विमा. थंडीआधी सगळ्या नळ्यांतून पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरा, नाहीतर जानेवारीत नळ्या फुटतात. हप्ता, जागा, विमा, दुरुस्ती मिळून वर्षाला सहा हजार. आम्ही फार तर वीस रात्री जाणार. रात्रीला ३०० डॉलर, कॅम्पग्राऊंडचं भाडं आणि पेट्रोल वेगळं. मी हे बायकोला सांगितलं नाही, तिने आधीच काढलेलं होतं.

एवढं होऊनही मन मानेना. मग बायकोनेच मार्ग काढला. लोक आपले कॅम्पर भाड्याने देतात, आणि काही मालक स्वतःच्या ट्रकने आणून कॅम्पग्राऊंडवर उभा करून देतात, ठरलेल्या दिवशी घेऊन जातात. ऑगस्टात लडिंग्टन स्टेट पार्कमध्ये तीन रात्री तसा घेतला. फिफ्थ व्हील, मला हवा होता जवळपास तसाच. मालक मोटारकंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, सत्तरीचे, एक टनाचा डिझेल ट्रक. आम्ही पोचलो तेव्हा ते गुडघ्यावर बसून चाकाखाली फळ्या सरकवत होते, दाराजवळच्या पातळीच्या बुडबुड्याकडे बघत.

आई दारापाशी आली आणि थांबली. बाहेर तीन पायऱ्या, हलणाऱ्या, घडीच्या. आत गेल्यावर बेडरूमकडे आणखी दोन, आणि संडास त्या दोन पायऱ्यांच्या वर, बेडरूमच्या दाराला लागून. माझा सगळा खटाटोप ज्या चार पावलांसाठी होता, त्यांतली दोन पावलं पायऱ्या निघाल्या. नकाशात त्या एका बारीक रेषेने दाखवलेल्या असतात. मी नकाशा पन्नास वेळा बघितला असेल. उंच नाकाच्या बेडरूमवर मीही मनातून भुललो होतोच, पण नाक उंच म्हणजे पायऱ्या आल्याच, हे डोक्यातच आलं नाही. आई काही बोलली नाही. एका हाताने कपाटाची कड धरून चढली, बघून आली, खाली सोफ्यावर बसली. "हितं झोपती मी. बरं हाय."

पण तीन दिवस मजा आली, खोटं कशाला बोलू. पहिल्या रात्री पाऊस पडला आणि छतावर तो ताडताड आवाज. आईला आमच्या जुन्या पत्र्याच्या घराची आठवण झाली, ती अंधारात बराच वेळ त्या घराबद्दल बोलत होती, मुलं बंकवरून ऐकत होती. धाकट्याला मराठी ऐकायचा कंटाळा येतो, त्या रात्री तोच मधूनमधून विचारत होता, मग पुढे? सकाळी तीन बर्नरच्या शेगडीवर पिठलं-भात. मुलं आणि बायको दीपगृहापर्यंत चालत गेली, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, वाळूतून जवळपास दोन मैल. मी आणि आई बाहेर खुर्च्या टाकून बसलो, येणाऱ्या-जाणाऱ्यांची कुत्री बघत. तिने सतरा मोजली.

अंघोळीचा प्रसंग सांगायलाच हवा. गरम पाण्याची टाकी सहा गॅलनची, म्हणजे तेवीस लिटर. थोरली आधी गेली, पाच मिनिटांत आतून किंचाळली, पाणी गार! अर्ध्या तासाने पाणी पुन्हा तापल्यावर आई गेली. तिने शॉवर लावलाच नाही. पातेल्यात पाणी घेऊन चहाच्या कपाने अंगावर घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "बादलीभर तर पानी हाय की, काय कमी हाय?" तेवीस लिटर म्हणजे खरोखरच एक बादली आणि वर थोडं. त्या कॅम्परमध्ये व्यवस्थित अंघोळ करणारी आमच्यातली ती एकटीच.

शेवटच्या दिवशी मालक आले. मी म्हटलं, सगळं दाखवा मला. त्यांनी ट्रक मागे घेतला, इंच इंच. पिन जबड्यात गेली आणि खाड् असा आवाज आला, अंगातून गेल्यासारखा. ते उतरून वाकून बॅटरीच्या उजेडात जबडा पूर्ण मिटलाय का बघून आले. मग ट्रेलरचे पाय जमिनीवरच ठेवून, त्याचे ब्रेक दाबून ट्रक जरासा पुढे ओढून बघितला. का, म्हणून विचारलं तर हौद्याच्या कडेला पडलेली एक खोल वाकडी खोक दाखवली. म्हणाले, एकदा पाहुण्यांशी गप्पा मारत जोडला, जबडा मिटला नव्हता, पाय उचलल्यावर निघालो आणि अख्खा ट्रेलर हौद्याच्या कडेवर बसला. मग डंप स्टेशन, म्हणजे टाक्यांतलं सांडपाणी सोडायची जागा. हातमोजे, जाड नळी, आधी संडासाच्या टाकीची झडप, ती रिकामी झाली की मोरीच्या पाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. क्रम चुकवू नका, ते दोनदा म्हणाले. आई ट्रकच्या खिडकीतून बघत होती.

"आरं," ती मला घरी येताना म्हणाली, "येवढं पैसं घालून संडास आपुनच धुवायचा?"

मालकांना मी निघताना विचारलं, पुढच्या वर्षी मॅकिनॉ पूल ओलांडून मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात न्यायचा विचार आहे, कसं जमेल? पूल पाच मैलांचा, आतल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी, खाली पाणी दिसतं. ते म्हणाले, वारा ३५ मैलांच्या वर गेला की उंच गाड्यांना पुढे पुलाची गाडी देऊन ताशी २० मैलांनी सोडतात, आणि आपली गाडी साडेबारा फूट उंच. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच मिटला.

तर, ठरलेलं असं: फिफ्थ व्हील घेत नाही. वहीत खाली दुसरा हिशेबही आहे. २२ फुटी साधा ट्रॅव्हल ट्रेलर, आत एकही पायरी नाही, भरून साडेपाच हजार पौंड. गोळ्यावर बारा टक्के म्हणजे ६६०, जोडणीचं सामान शंभर, आम्ही ६६०. एकूण १,४२०. स्टिकरच्या आत १९२ पौंड शिल्लक. बायकोला तो पटलाय, मला अजून त्या उंच नाकाची हळहळ वाटते. यंदा मात्र काहीच विकत नाही, त्या आकाराचा आणवून घेऊन बघू.

मिशिगनच्या स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. मागच्या मंगळवारी सकाळी आठला दोन लॅपटॉप आणि एक फोन घेऊन आम्ही बसलो आणि ऑगस्टच्या चार रात्री मिळाल्या. संध्याकाळी कराडला फोन केला. आईला सांगितलं, या वेळी आत पायऱ्या नाहीत, संडास सोफ्याच्या शेजारी आहे, पाण्याची टाकी तेवढीच.

"बरं," म्हणाली. "मग एक बादली आन मग्गा घिऊन ठेव. त्या कपानं लई येळ लागतो."